नातीने मोजलेला राजवाडा

माझ्या आईने माध्यमिक शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. ‘व्हर्सायचा तह, 28 जून 1919’ हे शब्द तिने फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, याची मोजदाद नाही. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. नात उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेली, तेव्हा आईने प्रथमच इच्छा बोलून दाखवली : “ज्या दालनात तो तह झाला, ते एकदा पाहायचं आहे.” मी डॉक्टरी थाटात उत्तर दिले, “आई, आधी गुडघे बघ.” त्या उत्तरात वैद्यकशास्त्र किती होते आणि माझी सोय किती होती, याचा विचार मी पुढे बरेच दिवस टाळला.

कन्येने तो टाळला नाही. “मी आधी जाऊन येते, आजीच्या पायांनी,” असे म्हणून ऑक्टोबरमधील एका गुरुवारी ती वही घेऊन निघाली. वार तिने विचारपूर्वक निवडला होता. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतो आणि मंगळवारी तेथे विशेष गर्दी उसळते. युरोपीय संघात राहणाऱ्या सव्वीस वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो; वेळ मात्र आधी नोंदवावी लागते.

पॅरिसहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत व्हर्साय येते आणि स्थानकापासून राजवाडा दहा मिनिटांच्या चालीवर आहे. ही दहा मिनिटे विद्यार्थिनीची, अशी वहीत पहिलीच नोंद होती. कंसात लिहिले होते : ‘आजीची पंचवीस, शेवटी चढ, अंगणात दगडी फरसबंदी, उंचसखल.’ ज्यांच्या गुडघ्यांची झीज झाली आहे, त्यांना असे दगड सपाट रस्त्याच्या दुप्पट थकवतात, हे मी रोज रुग्णांच्या तोंडून ऐकते. येथे काठी हवीच, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात. आपल्याकडे दहांतील आठ ज्येष्ठ ती दुखऱ्याच बाजूला धरतात, असा माझा अनुभव आहे.

आत गेल्यावर दालनामागून दालने सुरू होतात. छतांवर चित्रे, भिंतींवर संगमरवर, आणि माणसांचा एकाच दिशेने सरकणारा लोंढा. हर्क्युलिसच्या नावाच्या दालनात ती थोडी रेंगाळली, कारण आजीने बजावून सांगितले होते. टिपू सुलतानाचे तीन वकील इंग्रजांविरुद्ध मदत मागण्यासाठी फ्रान्सला गेले होते, आणि 10 ऑगस्ट 1788 रोजी सोळाव्या लुईने त्यांची भेट येथेच घेतली. मदत मिळाली नाही. पुढच्याच वर्षी राजालाच हा वाडा सोडावा लागला.

मग आरसेमहाल. लांबी 73 मीटर. बागेकडे उघडणाऱ्या सतरा खिडक्या, त्यांच्यासमोर सतरा कमानी आणि त्या कमानींत 357 आरसे. 1871 च्या जानेवारीत विजयी जर्मनांनी आपल्या साम्राज्याची घोषणा फ्रान्सच्या या दालनात केली. म्हणूनच 1919 मध्ये पराभूत जर्मनीला सही करायला याच दालनात आणले गेले. हे सारे कन्येला पाठ होते, आजीकडूनच. तेथे दुपारचा एक वाजला होता आणि आपल्याकडे साडेचार. तिने व्हिडिओ कॉल लावला. आई चहाचा कप खाली ठेवून पडद्याकडे पाहत राहिली. बऱ्याच वेळाने तिने एकच प्रश्न विचारला, “बसायला कुठे आहे गं?”

मला तो प्रश्न ऐकून हसू आले, आणि लगेच वाईटही वाटले. इतिहासाची शिक्षिका त्या दालनात पाहत होती ती खुर्ची. कन्येने प्रामाणिकपणे सांगितले, “आजी, इथे फार थोडी जागा आहे.” त्या वहीत दालनांच्या वर्णनापेक्षा बसण्याच्या जागांच्या नोंदी अधिक आहेत. संग्रहालयात माणूस चालत कमी असतो आणि उभा अधिक राहतो. हे संथ उभे राहणेच पायांना सूज आणते आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना भोवळ आणू शकते. त्यातच प्रसाधनगृह शोधावे लागेल या भीतीने ज्येष्ठ मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कृपया असे करू नका. लघवीची गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. परस्पर बंद करू नका. मधुमेहींनी रांगेपायी जेवणाची वेळ चुकवू नये.

आरसेमहालाच्या मागे, वाड्याच्या अगदी मध्यभागी, उगवतीकडे तोंड करून राजाचे शयनगृह आहे. चौदावा लुई येथेच 1 सप्टेंबर 1715 रोजी गेला. सत्त्याहत्तरावा वाढदिवस चार दिवसांवर होता. डॉक्टर म्हणून माझे मन या खोलीत अडकते. ऑगस्टमध्ये राजाचा पाय दुखू लागला. दरबारी वैद्याने ‘सायटिका’ म्हणून उपचार चालवले. पुढे पायावर काळे डाग दिसले, तोवर गँगरीन पसरले होते. युरोपातील सर्वांत बलाढ्य राजा, उशाशी वैद्यांचा ताफा, आणि निदान मात्र चुकले. आज आपल्या घरातील आजोबांच्या पायात नवी वेदना सुरू झाली, पाय थंड लागला किंवा त्याचा रंग बदलला, तर ‘नस दबली असेल’ म्हणून तेल चोळत बसू नका. मोजे काढून पाय पाहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

दुपारी कन्या बागेत उतरली. वाड्यापासून कालव्याच्या मुखापर्यंत जवळजवळ एक किलोमीटर. जाताना उतार, म्हणजे परतताना चढ. पुढे कालवा आणखी दीड किलोमीटरहून लांब. तेथे एका बाकावर पोळीची गुंडाळी खात असताना तिला जे वाचायला मिळाले, त्याने आमच्या घरातील वादाचा निकाल लावला. या बागा कशा दाखवाव्यात याची एक मार्गदर्शिका चौदाव्या लुईने स्वतः तयार केली होती. कोठून निघावे, कोठे वळावे, कोठे थांबून काय न्याहाळावे, हे त्याने क्रमाने सांगितले आहे. आणि उतारवयात, गाउटने पाय धरल्यावर, तो चाकांच्या खुर्चीत बसून, नोकरांकडून ढकलवून घेत याच वाटांनी फिरत असे.

तिने रात्री फोनवर हे सांगितले, तेव्हा आई ताठ बसली. चाकांच्या खुर्चीचा विषय मी पूर्वी एकदा काढला होता. “मी काय अपंग झाले?” म्हणून तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. आता ती म्हणाली, “राजा बसला, तर मी बसायला काय हरकत आहे?” राजवाड्यात चाकांच्या खुर्च्या मिळतात, वर जायला लिफ्ट आहे, बागेत छोटी गाडी फिरते. ही सोय सांगणारी मी डॉक्टर होते, तेव्हा तिला त्यात स्वतःचे म्हातारपण दिसले. राजाने सांगितल्यावर तिचा मान राहिला. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपले म्हणणे बरोबर असूनही ते कोणाच्या तोंडून येते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

कन्येचा दिवस आठ तासांचा झाला आणि ती अठरा हजार पावले चालली. आजीसाठी तिने आखलेला दिवस साडेतीन तासांचा आहे. स्थानकापासून टॅक्सी, मग लिफ्ट, हर्क्युलिसचे दालन, आरसेमहाल, शयनगृह, आणि नंतर बागेत कालव्यासमोर एक बाक. बाकी दालने वगळली आहेत. राण्यांचे महाल वगळल्याबद्दल आईने तक्रार केली. ती विचाराधीन आहे.

दरम्यान, 73 मीटर म्हणजे तिची सुमारे दीडशे पावले, असा हिशेब तिने स्वतः केला आहे. आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या दत्तमंदिराच्या अलीकडील विजेच्या खांबापर्यंत तेवढी होतात. त्या अंतराला ती आरसेमहालच म्हणते. संध्याकाळी डाव्या हातात काठी घेऊन ती दोन आरसेमहाल चालते, कट्ट्यावर टेकते, पुन्हा दोन चालते. काल पाच झाले. तिकिटे अद्याप काढलेली नाहीत. पासपोर्टचे नूतनीकरण मात्र गेल्या आठवड्यात झाले.