परतीची तार

हेडफोनच्या साध्या जॅकला तीनच भाग असतात. टोकावर डावा कान, मधल्या कड्यावर उजवा, आणि उरलेल्या लांब नळीवर दोघांची मिळून परतीची वाट. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर ज्या पिना खुपसत, त्यांचाच हा ६.३५ मिलिमीटरचा वंशज. दोन्ही कानांकडे वेगवेगळा गेलेला प्रवाह येताना एका तारेत दाटीवाटीने येतो. त्या तारेला थोडा का होईना, रोध असतोच. तेवढ्यापुरता डावीकडच्या सुराचा अंश उजवीकडे सांडतो. बहुधा तो कानाला कळतही नाही. तरीही प्रत्येक कानाला स्वतःची परतीची तार द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

बॅलन्स्ड केबल म्हणजे एवढंच: चार तारा, चार पिनांचा एक्सएलआर प्लग. पहिली पिन डावा अधिक, दुसरी डावा उणे, तिसरी उजवा अधिक, चौथी उजवा उणे. ध्वनीतला खरा फरक पडतो तो बॅलन्स्ड अॅम्पमुळे. तो दोन्ही तारांना चालवतो. एकीवर सूर चढला की दुसरीवर तितकाच उतरतो. व्होल्टेज दुप्पट होतं आणि ताकद चौपटीपर्यंत जाऊ शकते. सेनहायझरच्या एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला हे मानवतं. तांब्याच्या शुद्धतेच्या नावाने हजारो रुपये उकळणाऱ्या केबल्स मात्र मला कधीच पटल्या नाहीत. जुन्या मोनो मैफली ऐकताना तर परतीच्या वेगळ्या तारेचा काही उपयोगच नाही. तिथे दोन्ही कानांत एकच सूर असतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मायक्रोफोनची चारतारी केबल मीटरवर मिळते. कॅनरे कंपनीची घेतली तर आत दोन निळ्या, दोन पांढऱ्या तारा एकमेकींना पीळ घालून बसलेल्या दिसतात, आणि एका रंगाच्या तारा नेहमी समोरासमोर. मायक्रोफोनसाठी एका रंगाच्या दोन्ही तारा एकत्र जोडतात. आपण तसं करायचं नाही. दोन्ही निळ्या डाव्या कानाला, दोन्ही पांढऱ्या उजव्याला. समोरासमोरच्या तारांची जोडी केली की एका जोडीचा दुसरीला उपद्रव सर्वांत कमी होतो. टेलिफोनच्या केबलमध्ये ही युक्ती पूर्वापार चालत आली आहे. आता दोन निळ्यांतली जाणारी कोणती आणि येणारी कोणती, हे डोळ्यांना सांगता येत नाही. मल्टिमीटरची एक काडी या टोकाला, दुसरी त्या टोकाला. बीप वाजला की त्या तारेला मार्करने खूण.

मग कल्हई. तांब्याच्या बारीक तारांना पीळ द्यायचा, राळेचा फ्लक्स लावायचा आणि खालून सोल्डरिंग आयर्न टेकवायचं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना एकदम वितळतं, एकदम गोठतं. तार पुरेशी तापली की ते आपणहून तारांच्या फटींत शिरतं आणि लाल तांबं क्षणात चांदीसारखं होतं. त्या क्षणासाठी मी हा सगळा खटाटोप आनंदाने करतो. नुसतं वरून सोल्डर ठेवलं तर त्याचा गोळा होतो; तो जोड वरून चांगला दिसतो आणि महिन्या-दोन महिन्यांत खरखरू लागतो. हेडफोनकडच्या बारीक पिनांवर आयर्न रेंगाळलं तर भोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते. हीट श्रिंक आणि प्लगचं टोपण आधीच तारेत ओवून ठेवावं.

हेडफोन लावून मोजलं की एक्सएलआरच्या पिना एक आणि दोनच्या मध्ये ३०० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा, तीन आणि चारच्या मध्येही तसाच. एक आणि तीन, दोन आणि चार यांच्यात काहीच येता कामा नये. एकाच कानाची अधिक-उणे उलटली असेल तर मीटर ते सांगत नाही, गाणं सांगतं: गायिका कपाळाच्या मधोमध न बसता डोक्याभर पसरते.

या केबलला साध्या अॅम्पसाठी छोटा जोडतुकडा करता येतो. दोन्ही उणे तिथे एकत्र आले तरी काही बिघडत नाही. पण बॅलन्स्ड अॅम्पमध्ये साधा हेडफोन घुसवणारा उलटा तुकडा करू नये. त्या अॅम्पच्या दोन्ही उणे तारा जिवंत असतात; त्या एकमेकींना भिडल्या की अॅम्पचं आउटपुट जळू शकतं. असा तुकडा मी कोणालाही करून देत नाही, मग मागणारा कितीही जवळचा असो.