फॉन्ट हरवला की अक्षर?

मिसिंग फॉन्ट! कोरल किंवा इनडिझाइनमध्ये दुसऱ्याची फाइल उघडताना ही पाटी दिसली नाही असा डिझाइनर शोधून सापडायचा नाही. फाइल इंग्रजी असेल तर फार बिघडत नाही. गॅरामाँडच्या जागी टाइम्स येऊन बसतो, दोन ओळी खाली सरकतात, पण मजकूर वाचता येतो. जुन्या मराठी फाइलचं तसं नाही राव. तिथे फॉन्ट गेला की मजकूरच जातो.

त्र्यंबकला माझ्या मामाचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पूजेच्या याद्या, फ्लेक्स वगैरे. आजोबांनी २००३ च्या सिंहस्थात ब्रह्मगिरीच्या फेरीची माहितीपुस्तिका काढली होती. वाटा, पाण्याच्या जागा, सगळं स्वतः चालून लिहिलेलं. आजोबा आता नाहीत, आणि घरात उरलेल्या एकुलत्या प्रतीची मागची पानं त्र्यंबकच्या पावसाने खाल्ली. मामाला ती २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी पुन्हा छापायची होती. सीडीवर कोरलची फाइल होती, तेव्हा निर्धास्त होता बिचारा.

फाइल उघडली. पानभर डॉलर, कंस आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरं.

"व्हायरस शिरला का रे?"

"नाही मामा, हे आजोबांचंच लिखाण आहे."

त्याचं काय आहे, त्या जुन्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ घरं असायची, इंग्रजीसाठी आखलेली. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी त्याच घरांत आपली अक्षरं, अर्धी अक्षरं, काने, वेलांट्या बसवल्या. म्हणजे संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच! श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची वाटणी वेगळी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्टही आला. पण तेव्हाच्या कोरल-पेजमेकरला युनिकोडची जोडाक्षरं जुळवता येत नसत. छापखाने जुन्याच फॉन्टवर राहिले, ते उगाच नाही.

मामाकडच्या पॅकेजला पोर्टात लॉक लावावं लागे. ते लॉक जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेलेलं. मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. पुस्तिकेची पुढची पानं शाबूत होती, आणि तिथे सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता 'त्र्यंबक'. तो सापडल्यावर एकेक चिन्ह उलगडत गेलं. युनिकोडमध्ये या एका शब्दाला आठ संकेत लागतात. जुन्या फाइलमध्ये अर्ध्या 'त्र'ला एकच घर होतं. पहिली वेलांटी जुन्या फाइलीत अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. तेवढी अदलाबदल करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. शनिवार-रविवार त्यातच गेला.

मागच्या पानांना ताडून बघायला छापील प्रत नव्हती. मी वाचायचो, मामा ऐकायचा. पाण्याच्या एका जागेचं नाव स्क्रिप्टने बिघडवलं होतं. मामाने ऐकताक्षणी दुरुस्त केलं, त्याने तिथलं पाणी प्यायलंय ना! आणि शेवटच्या पानावर, त्या डॉलर-कंसांतून, आजोबांचं वाक्य बाहेर आलं: 'दम लागला तर बसा, देव कुठे पळून जात नाही.' मामा चष्मा पुसत बसला.

मंडळी, तुमच्याही घरी कुणाचं तरी आत्मचरित्र, कुळाचा इतिहास किंवा कवितांची वही अशा फाइलीत पडून असेल. अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर केलं की छपाई सुटते, पण उरतात नुसत्या रेघा. शोधता येत नाही, सुधारता येत नाही. अडोबीने तर जानेवारी २०२३ मध्ये टाइप १ जातीच्या फॉन्टचा आधार काढायला घेतला, म्हणजे डिस्कवर असलेला फॉन्टही आता 'मिसिंग' ठरू शकतो. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये काढून ठेवा. आणि हे काम, वाचून दाखवल्यावर चूक सांगणारं माणूस घरात आहे तोवर उरका. फॉन्ट एक वेळ सापडेल हो, ते माणूस पुन्हा सापडत नाही.