रायदुर्गच्या टोकाला, डोक्यावर चष्मा

सुलतान बाजारला मेट्रोत बसायचं, एमजीबीएसला उतरून लाल मार्गिका पकडायची, अमीरपेटला पुन्हा गाडी बदलायची आणि निळ्या मार्गिकेच्या अगदी शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. स्टेशनाचं नाव रायदुर्ग. ज्यांचे आजी-आजोबा काचीगुडा, बडी चौडी, जांबबाग या भागात राहिले आणि विवेकवर्धिनीत शिकले, त्यांना हे काचेचं हैदराबाद परगावासारखं वाटतं. तुमच्या पिढीचं उलटं आहे. तुम्ही कोटीला येता ते पुस्तकं घ्यायला नाही तर मावशीकडे जेवायला.

मी रायदुर्गला गेलो ते एका घरगुती कामासाठी. ताईच्या मुलाला आणि त्याच्या दोन मित्रांना व्हीआर गेमिंगचं केंद्र काढायचं आहे. व्हीआर म्हणजे तो डोळ्यांवर चढवायचा मोठा चष्मा, जो घातला की खोली नाहीशी होते आणि समोर समुद्र, किल्ला नाही तर झॉम्बी उभे राहतात. भांडवल हवं आहे बारा लाख. त्यातले चार ताईने नवीन फ्लॅटसाठी ठेवलेले. भावोजी मला म्हणाले, "तुम्ही जरा बघून या. आमचं ऐकत नाही तो."

परिसर बघितला की मुलांना ही स्वप्नं का पडतात ते कळतं. टी-हबची नवी इमारत जून २०२२ मध्ये सुरू झाली, टी-वर्क्स मार्च २०२३ मध्ये. टी-वर्क्समध्ये एकेकट्याला न परवडणारी यंत्रं ठेवली आहेत. तुमच्या डोक्यात वस्तू असेल तर तिचा पहिला नमुना तिथे करता येतो. ॲनिमेशन आणि गेमिंगसाठीच्या इमेज टॉवरची पायाभरणी २०१७ साली याच रायदुर्गला झाली. गेम बनवणाऱ्यांची आयजीडीसी ही परिषद नोव्हेंबर २०२३ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादलाच भरली होती. सिनेमावाले तर त्याआधीच या वाटेने गेले. 'बाहुबली २' च्या सुमारास 'द स्वॉर्ड ऑफ बाहुबली' नावाचा व्हीआर अनुभव तयार झाला. त्यात एएमडी कंपनीचा हात होता आणि तिथले तेव्हाचे ग्राफिक्स विभागाचे प्रमुख राजा कोदुरी हे आंध्रचेच.

पण पैशाचं काय? ऑक्युलस रिफ्ट हा चष्मा मार्च २०१६ मध्ये ५९९ डॉलरला आला. तो चालवण्याजोगा कॉम्प्युटर धरला तर जोडी साधारण १,५०० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने एक लाखाला पडत होती. हँड कंट्रोलर नंतर आले, तेही वेगळे पैसे देऊन. २०२० मध्ये क्वेस्ट २ आला तो २९९ डॉलरला, कॉम्प्युटरशिवाय चालणारा. चार वर्षांत एवढी घसरण! म्हणजे जिंकलं, असं कोणालाही वाटेल. पण ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच क्वेस्टची किंमत १०० डॉलरने वाढली आणि चष्मे बनवणाऱ्या मेटाच्या विभागाला २०२३ या एका वर्षात १६ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये निघाला तो ३,४९९ डॉलरला. इकडे जिओने २०२३ मध्ये मोबाइल बसवायचा जिओडाइव्ह १,२९९ रुपयांना विकायला काढला. स्वस्त आहे म्हणून घरोघरी पोचला का? तुमच्या किती मित्रांकडे आहे, बघा.

तेव्हा किंमत हा एकच अडथळा नाही. व्हीआरला जागा लागते. मियापूरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हात पसरून गोल फिरलात तर टीव्हीला नाही तर आजोबांना लागेल. शिवाय डोळे सांगतात आपण धावतोय, कानाच्या आतला तोल सांगतो आपण उभे आहोत; या भांडणात पोटात ढवळतं. मला चौथ्या मिनिटाला ढवळलं. (भाच्याने लगेच "मामा, तुमचं वय" असं ऐकवलं. शेजारचा वीस वर्षांचा मुलगाही खाली बसला होता, हे त्याने पाहिलं नाही.)

मॉलमधल्या ज्या केंद्रात आम्ही गेलो तिथे वीस मिनिटांचे चारशे रुपये घेतले. शनिवारची संध्याकाळ, रांग होती. मंगळवारी दुपारी मी एकटाच पुन्हा गेलो, तर काउंटरवरचा पोरगा मोबाइल बघत बसलेला. म्हणाला, "अंकल, एक बार सब आते. दूसरी बार कौन आता?" सगळा धंदा या एका प्रश्नात अडकला आहे. चष्म्याचे पैसे महिना-दोन महिन्यांत सुटतीलही. मॉलचं भाडं दर महिन्याला उभं राहतं.

तरी मी भाच्याला सरळ "नको" म्हटलं नाही. हुसेनसागरजवळचं प्रसाद्स २००३ मध्ये उघडलं तेव्हा एवढा मोठा पडदा कोण घरी लावणार होतं? लोक गावाहून गाड्या करून आले. पुढे आयमॅक्सचं नाव पाटीवरून गेलं, तरी रिक्षावाले अजून 'आयमॅक्स'च म्हणतात. आमच्या लहानपणी गल्लीत व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने यायचा, वर्गणी काढून, आणि तीन पिक्चर सकाळपर्यंत. महाग वस्तू आपल्याकडे आधी भाड्याने येते, वाटून वापरली जाते, मग कधीतरी विकत घेतली जाते. व्हीआरही असंच येईल, असं मला वाटतं. पण भाड्याने येणारी वस्तू लोकांच्या दारात जायची. मॉलमध्ये बसून वाट बघत नव्हती.

त्यामुळे आमचं बोलणं असं झालं: ताईचे चार लाख जिथे आहेत तिथेच राहतील. तिघांनी आपापल्या पगारातून दोन चष्मे घ्यायचे आणि शाळांची स्नेहसंमेलनं, सोसायट्यांचे कार्यक्रम, वाढदिवस करायचे. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्यांदा कोण आलं याची वहीत नोंद ठेवायची. वर्षभराची वही बघून मॉलचं बोलू.

भाचा आधी रुसला. मग त्याने मला विचारलं, "मामा, मंडळाच्या गणपतीत स्टॉलला भाडं किती घेतात?" ते मी विचारून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवसापासून जागा आहे, स्टेजच्या उजवीकडे, बटाटावड्याच्या स्टॉलपासून लांब. खाऊन लगेच चष्मा घालू नका.