दुकानाची वाट

व्यसनाविषयीं बोलावयाचें झालें म्हणजे बहुधा व्यसनी मनुष्याच्या शेवटच्या दशेचें वर्णन केलें जातें. तें खरें असतें. पण तें ऐकून आपणहि त्याच वाटेवर आहों, असें कोणता विद्यार्थी मानील? म्हणून आम्ही त्या वाटेच्या आरंभाविषयीं चार शब्द लिहीत आहों.

आमच्या लहानपणीं थोरले काका ओसरीवर बसून चंची उघडीत व ती रिकामी दिसली कीं आम्हांस आणि आपल्या मुलास हांक मारीत. हातावर नाणें पडे व आम्ही दोघे तंबाखूची पुडी आणावयास धांवत सुटूं. काका मोठे प्रेमळ. आपण मुलांना कांहीं वाईट शिकवीत आहों, हें त्यांच्या स्वप्नींहि नव्हतें. एके दिवशीं परततांना आम्हीं दोघांनींहि चिमूटभर तंबाखू तोंडांत टाकली. आम्हांस ओकारी आली, चुलतबंधूस आली नाहीं. आम्ही वांचलों ते एवढ्याचमुळें, सद्गुणामुळें नव्हे.

तंबाखूंतील निकोटिन तोंडाच्या नाजूक त्वचेंतून रक्तांत व तेथून मेंदूंत जातें. त्याची चटक लागली कीं तें न मिळतां जीव कासावीस होतो, आणि कोवळ्या वयांत ही चटक लवकर जडते. चाळिशींत आमच्या बंधूस गालाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनें जीव वांचला, पण वाणी अस्पष्ट झाली. तो घरीं आला त्या दिवशीं काकांनीं चंची चुलींत टाकली व एवढेंच म्हणाले, "बाळ, दुकानाची वाट तुला मींच दाखविली."

ही वाट बंद करणें मात्र अशक्य नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धि येथें १९७५ सालीं अण्णा हजारे सैन्यांतून परतले, तेव्हां दुष्काळानें गांजलेल्या त्या गांवांत घरोघर दारू गाळली जाई. अण्णांनीं प्रथम यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्याच मंदिरांत ग्रामस्थांनीं दारूबंदीचा निश्चय केला व ३० हून अधिक भट्ट्या मालकांनीं आपण होऊन बंद केल्या. पुढें तंबाखू व विडी होळींत जाळून त्यांची विक्रीहि थांबविली. न ऐकणाऱ्या दारुड्यांस खांबाला बांधून मारलें गेलें, तें आम्हांस रुचत नाहीं. पण नाणें घेऊन निघालेल्या मुलास पुडीच मिळूं नये, हें शहाणपण घेण्याजोगें आहे.

२००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें, तसेंच शाळेपासून १०० यार्डांच्या आंत ती विकणें मना आहे. परंतु कायद्याचा हात फार तर दुकानापर्यंत पोंचतो. ओसरीवरून मारलेली हांक त्याला ऐकूं येत नाहीं.

पालकहो, ती हांक मारूं नका. विद्यार्थिमित्रांनो, गुटखा असो, दारू असो वा गांजा असो, "एकदांच घेऊन पाहा" या शब्दांनींच ही वाट सुरू होते. तेथेंच नम्रपणें, पण ठामपणें नाहीं म्हणा. कोणास व्यसन जडलें असेल, तर तो आजार आहे असें समजून त्यानें तें वडिलांस वा शिक्षकांस सांगावें, लपवूं नये. मोहांतून सुटका मागण्यापूर्वीं मोहाच्या वाटेस न जाण्याचें बळ परमेश्वराजवळ मागावें, हेंच बरें.