विंचवाचं बिऱ्हाड

जुन्या डेस्कटॉपमधली साडेतीन इंची हार्ड डिस्क हातात घेतली, की आकाराच्या मानाने भलतीच जड लागते. चार स्क्रू, एक रुंद चपटी केबल आणि विजेची चार पिनांची जोडणी, एवढ्यावर ती कॅबिनेटात बसलेली असते. फायली काय, पेन ड्राइव्हवरूनही जातात. डिस्क निघाली, की तिच्याबरोबर बसवलेली विंडोज निघते, तिच्यावरचा पेजमेकर निघतो, मराठी टंकांचं पॅकेज, बोटांना सवयीचा झालेला कीबोर्ड, वर्षानुवर्षं जमवलेल्या स्टाइल्स. विंचवाने बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघावं, तसं सगळं एकदम हलतं.

सॉफ्टवेअर एका जागी राहत नाही, म्हणून ते नुसतं उचलून नेता येत नाही. ‘प्रोग्राम फाइल्स’मधला फोल्डर दुसऱ्या संगणकावर कॉपी केला, तर बहुधा ते उघडतच नाही. इन्स्टॉल होताना त्याने काही डीएलएल फायली विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात ठेवलेल्या असतात, टंक फॉन्ट्समध्ये नोंदवलेले असतात, रजिस्ट्रीत जागोजागी स्वतःचा पत्ता लिहिलेला असतो. काही पॅकेजं तर डिस्कचा अनुक्रमांकसुद्धा ओळखून असतात. मूळ सीडी हाताशी असेल तर कोणी एवढा खटाटोप करणार नाही. पण वीस वर्षांपूर्वीची सीडी वाचली जाईलच असं नसतं.

मराठी छपाईच्या जगात हे फार खोलवर जातं. ऑल्डस कंपनीने १९८५ साली मॅकिंटॉशसाठी पेजमेकर आणला, १९९४ मध्ये ती कंपनी अडोबीकडे गेली, आणि २००१ मधली सातवी आवृत्ती त्याची शेवटची मोठी आवृत्ती ठरली. आपल्याकडे त्याच्या जोडीला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ असे, किंवा सी-डॅकचं ‘आयएसएम’. युनिकोड रुळण्याआधीची ही व्यवस्था. काना, मात्रा, रफार, अर्धा क, अर्धा त, अशा एकेका तुकड्याला रोमन अक्षरांसाठी राखलेल्या सांकेतिक घरात जागा दिलेली असे. टंक असेल तर ओळ मराठी दिसते. नसेल तर डोक्यावर टिंबं आणि टोप्या असलेल्या परक्या अक्षरांची रांग दिसते. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, मजकूर पुष्कळसा सुटतोही. पण ओळ कुठे तुटते, तळटीप कुठे बसते, हे सगळं पुन्हा करावं लागतं, आणि प्रत्येक जोडाक्षरावरून पुन्हा नजर फिरवावी लागते. एवढी मेहनत आणि एवढा पैसा किती पुस्तकांच्या वाट्याला येणार?

माझ्या मामांचं रानभाज्यांवरचं पुस्तक सदाशिव पेठेतल्या एका लहानशा डीटीपी केंद्रात जुळवलं गेलं होतं. मामांच्या मागे त्यांच्या स्वतःच्या प्रतीत पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या उरल्या: चुकलेलं झाडाचं नाव, फुलोऱ्याचा महिना, एका विषारी कंदाविषयी राहून गेलेली सूचना. या शेवटच्या सूचनेसाठी तरी दुसरी आवृत्ती निघायला हवी, असं मला मनापासून वाटत होतं. पान न पान केंद्र चालवणाऱ्या ताईंच्या मशीनवर होतं, आणि मशीन सुरूच होईना. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते.

तपकीर गल्लीतून आलेला दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, “ताई, नवीन मशीन घ्या, डेटा काढून देतो.”

“डेटा नको रे,” त्या म्हणाल्या, “माझं बसलेलं सगळं तसंच्या तसं हवं.”

त्याने वाद घातला नाही, ही गोष्ट मला फार आवडली. ताईंच्या मशीनवरच्या विंडोज एक्सपीची अडचण त्याला ठाऊक होती. ती सुरू होताना डिस्क कंट्रोलरचा ओळखीचा ड्रायव्हर शोधते. बोर्ड अगदीच वेगळा असला, तर निळा पडदा येतो आणि त्यावर सेव्हन बी हा कोड. जुनं मशीन जिवंत असतं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आधीच साधा, सर्वसामान्य आयडीई ड्रायव्हर लावून ठेवता आला असता. आता तो मार्ग नव्हता. म्हणून त्याने त्याच चिपसेटचा, इंटेल ८६५चा, वापरलेला बोर्ड शोधून आणला. त्यावर प्रिंटर पोर्टही होता, आणि तो हवाच होता, कारण टंकांच्या पॅकेजचं कुलूप, तो इंचभर डोंगल, त्यातच बसायचा. युएसबीतून प्रिंटर पोर्ट काढून देणाऱ्या केबलवर अशी कुलपं सहसा चालत नाहीत.

डिस्क बसवण्याआधी त्याने तिची सेक्टरनिहाय प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली. म्हातारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. कामाची ही शिस्त कुठल्याही पुस्तकापेक्षा हाताखाली काम करूनच अंगी येते.

एक्सपी उघडली. कोपऱ्यात नवीन हार्डवेअर सापडल्याचे फुगे एकामागून एक येत राहिले: ध्वनी, चित्र, नेटवर्क. बरंच काही बदललं आहे, तीन दिवसांत पुन्हा सक्रिय करा, असंही तिने सांगितलं. जुन्या बोर्डाच्या जागी दुसरा आला की ती असं विचारते. परवाना ताईंचाच होता, तेही झालं. मग पेजमेकर, मग पुस्तकाची फाइल. ताईंनी एक पान छापून पहिल्या आवृत्तीतल्या पानाशेजारी ठेवलं आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द बोटाने ताडून पाहिला. ओळी जिथल्या तिथे होत्या.

“द्या ती प्रत,” त्या म्हणाल्या, आणि विषारी कंदाच्या पानापासून दुरुस्त्या घ्यायला लागल्या.