ग्लासगोची भुयारी गाडी आणि करपलेला बटाटा

वाचकहो, आज तुम्हाला जरा लांबच्या मुलखात न्यायचे आहे. ब्रिटनच्या नकाशात वरच्या अंगाला स्कॉटलंड आहे. त्यातले सर्वांत मोठे शहर ग्लासगो. क्लाइड नदीच्या दोन्ही काठांवर ते वसले आहे. हवा थंड आणि पावसाळी. एके काळी या शहरात मोठमोठी जहाजे बांधली जात आणि आगगाडीची इंजिने घडवली जात. आपल्या देशातल्या रुळांवर धावलेली कितीतरी वाफेची इंजिने ग्लासगोहूनच आली होती.

पण आज आपण इंजिन बघायला निघालेलो नाही. आपल्याला बसायचे आहे डब्यात, आणि ऐकायचे आहे तिथले गाणे.

ग्लासगोला जमिनीखालून धावणारी एक छोटी आगगाडी आहे. ती 14 डिसेंबर 1896 रोजी सुरू झाली. स्थानके अवघी 15, आणि मार्ग तेल्याच्या घाण्यासारखा गोल. सुमारे साडेदहा किलोमीटरचा एक फेरा ती साधारण 24 मिनिटांत पुरा करते. एका रुळावरची गाडी घड्याळाच्या काट्याप्रमाणे जाते, दुसऱ्या रुळावरची उलट. सुरुवातीला लोखंडी दोराने गाड्या ओढत. 1935 साली वीज आली. भुयाराचा व्यास जेमतेम 11 फूट, म्हणून डबेही बुटके आणि अरुंद. समोरासमोर बसले की गुडघ्याला गुडघा लागतो. 2023 च्या डिसेंबरापासून नव्या गाड्या आल्या, पण भुयार तेच, तेव्हा आकारही तसाच राहिला.

या गोल मार्गावर नदीच्या दक्षिणेला आयब्रॉक्स नावाचे स्थानक आहे. त्याच्या जवळच रेंजर्स या फुटबॉल संघाचे मैदान. सामन्याच्या दिवशी निळे सदरे, निळे गळपट्टे घातलेली माणसे प्रत्येक स्थानकावर चढतात. डबा भरतो. मग कोणीतरी छतावर हाताने ठेका धरतो, आणि पन्नास गळ्यांतून एकदम गाणे उठते. खेळाडूंची नावे, संघाची स्तुती, इथवर ठीक. जत्रेला निघालेली बैलगाडीही गातच जाते. पण मधूनच गाण्याचा सूर बदलतो. राणीचा, राजाचा, ब्रिटनच्या झेंड्याचा जयजयकार होतो. 1690 साली आयर्लंडमध्ये बोइन नदीकाठी झालेल्या लढाईचे पोवाडे गाइले जातात. त्या लढाईत प्रॉटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला होता. सव्वातीनशे वर्षे उलटली तरी काही गाण्यांत पराभूतांना शिव्या चालूच आहेत.

दुसरा संघ सेल्टिक. त्याचे मैदान शहराच्या पूर्वेला, पार्कहेड भागात. तिकडे भुयारी गाडी जात नाही. त्याचे पाठीराखे साध्या आगगाडीने, बसने जातात. त्यांचा रंग हिरवा, आणि हातातला झेंडा आयर्लंडचा. त्यांच्यातही बहुतेक गाणी संघाची असतात, पण काही गाणी ब्रिटनविरुद्ध बंदूक धरणाऱ्या आयरिश टोळीचे गुणगान करतात. मौज बघा, दोन्ही संघ स्कॉटलंडचे, दोन्ही एकाच शहराचे. पण त्यांच्या सामन्यात एका बाजूला फडकतो ब्रिटनचा झेंडा, दुसरीकडे आयर्लंडचा. स्कॉटलंडचा झेंडा त्या मानाने कमीच दिसतो.

तुम्ही म्हणाल, फुटबॉलच्या मैदानात आयर्लंड आले कुठून? त्याचे उत्तर शेतात आहे, आणि ते तुम्हाला इतर कोणाहीपेक्षा लवकर कळेल.

आयर्लंड हे ब्रिटनच्या शेजारचे बेट. त्या काळी ते इंग्रजांच्या ताब्यात होते. जमीन मोठ्या जमीनदारांची, आणि कसणारी कुळे जमिनीच्या तुकड्यावर पोट भरणारी. कुळाने पिकवलेले धान्य खंडात जाई. घरच्यासाठी उरे तो बटाटा. थोड्या जागेत भरपूर येणारा, म्हणून लाखो माणसे जवळजवळ त्यावरच जगत. जातही बहुतेक ठिकाणी एकच लावलेली. 1845 साली त्या पिकावर करपा पडला. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा घेणाऱ्यांना हा रोग नवा नाही. ढगाळ, दमट, गार हवा पडली की पानांवर ओलसर काळे डाग उठतात, चार दिवसांत रान भाजल्यासारखे होते, आणि जमिनीत बटाटा सडून त्याची घाण सुटते. तेव्हा आयर्लंडमध्ये त्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. उपाय तर नव्हताच. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण, जे आपले द्राक्षबागाईतदार केवड्यासाठी मारतात, ते फ्रान्समध्ये सापडले 1880 नंतर. म्हणजे चाळीस वर्षे उशिरा.

1846 साली जवळजवळ सारे पीक गेले. 1847 हे साल सर्वांत भयंकर ठरले. बटाटा कुजत होता, पण धान्य आणि जनावरे बेटाबाहेर विकायला जातच राहिली. खंड थकला म्हणून कुळांना घराबाहेर काढून छपरे मोडली गेली. उपासमारीने आणि तापाने सुमारे 10 लाख माणसे मेली, आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. 1841 च्या शिरगणतीत त्या बेटावर सुमारे 82 लाख लोक होते. 1851 मध्ये उरले सुमारे 65 लाख. आजसुद्धा त्या बेटाची लोकसंख्या 1841 च्या आकड्याला पोचलेली नाही.

ज्यांच्याकडे थोडेफार पैसे होते ते अमेरिकेला गेले. ज्यांच्याकडे तेवढेही नव्हते ते जवळच्या बंदरांत उतरले. त्यांतले एक ग्लासगो. खाणी, गिरण्या, गोदी, रस्ते, जिथे मिळेल तिथे पडेल ते काम त्यांनी धरले. कमी मजुरीत राबतात म्हणून तिथले कामगार त्यांच्यावर रागावले. ते कॅथलिक, इथले बहुतेक प्रॉटेस्टंट. त्या रागाला धर्माची फोडणी मिळाली. पुढे बेलफास्टच्या एका मोठ्या जहाज कंपनीने 1912 साली ग्लासगोच्या गोव्हन भागात कारखाना घेतला, तेव्हा आयर्लंडमधले प्रॉटेस्टंट कारागीरही आले, आणि जुनी भांडणे बरोबर घेऊन आले. आयब्रॉक्सचे मैदान याच गोव्हनला लागून आहे.

सेल्टिक संघाचा जन्म 1887 चा. शहराच्या पूर्व भागातल्या उपाशी मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करावा, म्हणून ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या आयरिश धर्मसेवकाने तो काढला. रेंजर्स त्याआधी 1872 पासून होता. 1888 च्या मे महिन्यात सेल्टिकचा पहिलाच सामना झाला तो रेंजर्सशी. सेल्टिक 5-2 ने जिंकला, आणि संध्याकाळी दोन्ही संघ एकाच सभागृहात एकत्र जेवले. सुरुवात अशी होती, हे ध्यानात ठेवा.

मग ती पंगत उठली कशी? डब्यातल्या पोरांनीच सारे बिघडवले असे नाही. 1923 साली स्कॉटलंडच्या मुख्य चर्चच्या सभेपुढे एक अहवाल आला. आयरिश लोकांमुळे स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला धोका आहे, असे त्यात शिकलेल्या, प्रतिष्ठित माणसांनी लिहिले होते. त्या चर्चने त्याबद्दल खेद व्यक्त केला 2002 साली. मोठ्यांनी कागदावर लिहिले, धाकट्यांनी ते तालावर म्हटले. रेंजर्सने कित्येक वर्षे कॅथलिक खेळाडू घेण्याचे टाळले; 1989 साली मो जॉन्स्टनला घेतले, तेव्हा दोन्हीकडचे पाठीराखे खवळले.

आणि आता त्या गाण्याकडे वळू, ज्यासाठी तुम्हाला इथवर आणले. आयर्लंडच्या त्या उपासमारीचे नाव असलेले एक गाणे रेंजर्सच्या काही पाठीराख्यांत रुळले. त्याचा रोख असा की, ज्या संकटाने तुमचे पूर्वज इथे आले ते केव्हाच सरले, तेव्हा तुम्ही चालते व्हा. ऐकणारा कोण? ज्याचा पणजा ग्लासगोत जन्मला, ज्याने इथेच जहाजे बांधली, जो शेजारच्या गल्लीत राहतो तो. 2008 साली एका सामन्यात हे गाणे गाणाऱ्याला शिक्षा झाली. 2009 साली वरच्या न्यायालयाने ती कायम केली, आणि हे गाणे वंशद्वेषाचे आहे असा निर्वाळा दिला.

विचार करा, करपा पडला तो पानावर. आणि त्याचा टोमणा दीडशेहून अधिक वर्षांनी, पाचव्या-सहाव्या पिढीतल्या माणसाला. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात किती घरांनी गाव सोडले, पुणे-मुंबई गाठली, हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांच्या नातवंडांना उद्या कोणी गाडीत ठेका धरून म्हणाले, पाऊस पडला आता, जा परत, तर कसे वाटेल?

मैदानात गाणे वेगळे आणि डब्यात वेगळे. मैदानात जो येतो तो आपण होऊन, तिकीट काढून येतो. गाडीत दवाखान्यातून सुटलेली परिचारिका असते, नातवाला घेऊन निघालेली आजी असते. दोन स्थानकांमध्ये दार उघडत नाही, भुयारात खिडकीबाहेर फक्त अंधार. अशा ठिकाणी पन्नास जणांचे गाणे एकट्याला दटावणी वाटते. बरे, गाणाऱ्या पन्नासांतही मनापासून द्वेष करणारे थोडेच असतात. बाकीचे शेजाऱ्याचा आवाज चढला म्हणून आपला चढवतात. एकेकटे गाठले तर तेच लोक आजीला जागा देतात.

पण शब्दांवरच सारे थांबते असेही नाही. 1995 साली सामना पाहून घरी निघालेल्या एका शाळकरी मुलाला अशाच द्वेषापायी वाटेत ठार मारले गेले. त्याच्या मृत्यूतून पुढे 2000 साली ‘निल बाय माउथ’ ही संस्था उभी राहिली. ती शाळाशाळांतून मुलांना हा जुना राग सोडायला शिकवते.

सरकारनेही उपाय करून पाहिले. 1980 च्या अंतिम सामन्यानंतर दोन्हीकडचे लोक मैदानातच भिडले. त्यावरून त्याच वर्षी कायदा झाला, आणि सामन्याला नेणाऱ्या खास बसमध्ये व मैदानात दारूला बंदी आली. हा उपाय पुष्कळ लागू पडला. 2012 साली आणखी एक कायदा अमलात आला. मैदानातच नव्हे, तर सामन्याला जाता-येतानाच्या प्रवासातही द्वेषाची गाणी गाणे त्याने गुन्हा ठरवले. पण कोणते गाणे द्वेषाचे आणि कोणते इतिहासाचे, यावर वाद पेटले. फुटबॉलवाल्यांनाच वेगळा कायदा का, असेही लोक विचारू लागले. 2018 साली तो रद्द झाला. आता दमदाटी, शिवीगाळ यांबद्दलचे नेहमीचे कायदेच वापरतात.

तुमच्या घरातले कोणी ग्लासगोला शिकायला गेले असेल, तर त्याला दोन गोष्टी कळवा. सामन्याच्या दिवशी बाहेर पडताना अंगात ठळक निळा किंवा हिरवा सदरा नको. तिथे रंगावरून माणसाचा पक्ष ठरवला जातो. आणि डब्यात गाणी चढू लागली तर वाद घालू नये, पुढच्या स्थानकावर उतरावे. भुयारी गाडी दर काही मिनिटांनी येते. चार मिनिटे थांबावे लागले तर बिघडत नाही; गाडी गोल फिरते, स्थानक चुकत नाही.