उशिरा लिहिण्याचा हक्क

गेमचं परीक्षण लिहिताना माझा पहिला साक्षीदार म्हणजे अंगठा. २०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये एक मुलगी डोंगर चढते. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग तिला उडी मारता येते. पडद्यावर हे कुठंच लिहिलेलं नाही. सुरुवातीला खेळणाऱ्याला वाटतं, आपला हात बसला. एकाच कड्यावर मुद्दाम उशिरा बटण दाबत राहिलं की कळतं, गेम आपल्याला सांभाळून घेतोय. इतक्या कठोर गेमच्या पोटात एवढी माया आहे, हे वाचकाला सांगणं माझं काम. त्याला वेळ लागतो.

मोठ्या गेमची प्रत कंपनी समीक्षकाला आधी देते ती अट घालून: परीक्षण अमुक तारखेला, अमुक वाजल्यानंतरच. त्या घटकेला जो हजर नाही, त्याला वाचक विचारत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला, तेव्हा समीक्षकांच्या हाती आधी फक्त पीसीची आवृत्ती पडली होती. व्हिडिओत स्वतः खेळतानाची दृश्यं दाखवायलाही मनाई होती. गुण भरभरून पडले. मग लोकांनी पदरमोड करून घेतलेला तोच गेम घरच्या प्लेस्टेशन ४ वर अडखळू लागला, बंद पडू लागला. दीड आठवड्याच्या आत सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. समीक्षक खोटं बोलले, असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे मिळालं ते पाहिलं. वाचकाच्या घरातलं यंत्र त्यात नव्हतं. पुढं २०२३ च्या २.० अपडेटनं गेम असा पालटला, की पहिल्या दिवसाची परीक्षणं त्याला लागूच पडेनात.

म्हणून वाचकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या समीक्षेवर माझा भरवसा आहे. समीक्षक जेफ गर्स्टमन यांना २००७ मध्ये 'गेमस्पॉट' या गेमविषयक संकेतस्थळातून काढलं गेलं. ज्या गेमच्या जाहिराती तिथं झळकत होत्या, त्याला त्यांनी कमी गुण दिले होते. पुढच्या वर्षी त्यांनी 'जायंट बॉम्ब' हे संकेतस्थळ उभं केलं. २०२३ मध्ये 'एस्केपिस्ट' या तशाच संकेतस्थळाच्या संपादकाला काढल्यावर व्हिडिओ करणारी मंडळी राजीनामे देऊन बाहेर पडली आणि प्रेक्षकांच्या पैशावर 'सेकंड विंड' सुरू झालं. वर्गणीमुळे जाहिरातदाराचा दाब जातो हे खरंच, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की महिन्याभरानं लिहिलं तरी चालतं. गेम संपवून, पुन्हा खेळून, अपडेट आल्यावर परत जाऊन.

मात्र पैसा वाचकाचा असला, तरी भीड सुटत नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला, तेव्हा आपल्या माणसांचा गेम म्हणून ऊर भरून आला. त्यातली सर्कशीतली पोर राजी खांबाला गिरकी घेऊन त्रिशूळ चालवते, तेव्हा कंट्रोलर खाली ठेववत नाही. दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलतात, ही निवेदनाची रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पण लढाया लवकरच एकसुरी होतात आणि गोष्ट ऐन भरात तुटते. 'आपला आहे, सांभाळून घ्या,' म्हणणाऱ्यांची कळकळ मला समजते. तरी हे दोष तितक्याच ठळकपणे लिहायला हवेत. साठवलेल्या पैशातून महिन्याला एकच गेम घेणारा मुलगा आमचं वाचूनच ठरवतो, आणि पुढचा गेम करणाऱ्यांनाही गोष्ट कुठं तुटली हे कळायला हवं.